पोचण्याची वेळ कुणाला देऊ नकोस

अंबाजोगाई
कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी

चि. भाचेबुवांस,
अनेक आशीर्वाद.

काल रात्री साडेनऊला अक्काचा फोन आला. एवढ्या उशिरा ती कधी फोन करत नाही, म्हणून आधी छातीत धस्स झालं. तर म्हणाली, "तुझ्या भाच्यानं दारात रणगाडा आणून उभा केलाय. हे सगळं तुझं बघून." आरोप मला मान्य आहे. तू बालवाडीत होतास तेव्हा तुला टाकीवर बसवून मी योगेश्वरीच्या देवळापासून मुकुंदराजापर्यंत हिंडवलंय. दोघांच्याही डोक्यावर हेल्मेट नव्हतं. आज आठवलं तरी अंगावर काटा येतो. त्या पापाची थोडी भरपाई म्हणून हे पत्र. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू "हो मामा, हो मामा" म्हणतोस आणि तिकडं दुसरंच काहीतरी बघत असतोस. कागद निदान गाडीच्या पेटीत राहील. पेटीतच ठेव, घरात नको. का, ते पुढं कळेल.

फोटो बघितले. 1994 ची, काळी, लोखंडी बोअरची (म्हणजे लोखंडाच्या सिलिंडरची) बुलेट, उजव्या पायात गिअर. परभणीची पासिंग, एमएच 22. टाकीवरच्या सोनेरी रेघा हातानं मारलेल्या, मूळच्याच वाटतात. सायलेन्सर मात्र कुणीतरी बदललाय. आणि खाली तू लिहिलंस, "दिवाळीच्या पाडव्याला पहाटे लातूरहून निघतो, दुपारी बाराला माहूर. मित्रांना सांगून ठेवलंय." मला गाडीत काही वावगं दिसलं नाही, माहूरही चांगलं, मित्रही असतील बरे. ते "बाराला" तेवढं खटकलं.

त्यावर बोलायचं तर मला माझी एक जुनी फजिती उघडी करावी लागेल, म्हणून जरा वेळ काढतो. आधी गाडीचं.

एकतीस वर्षं बँकेत शेतीकर्जाच्या टेबलावर काढली, त्यामुळं आरसी बुक हातात आलं की माझी नजर आधी बोज्यावर जाते. गाडी कर्जावर घेतलेली, कर्ज फिटून वीस वर्षं झाली, पण बोजा उतरवायचा राहूनच गेला, अशी प्रकरणं पायलीला पन्नास. तसं असेल तर बँकेचा ना-हरकत दाखला आणि 35 नंबरचा फॉर्म लागेल. गाडी नावावर करायला 29 आणि 30. नोंदणी पहिल्या 15 वर्षांनंतर दर 5 वर्षांनी वाढवावी लागते, म्हणजे तुझ्या गाडीची 2009, 2014, 2019 आणि 2024 ला वाढायला हवी होती. 2024 ची झाली नसेल तर उरलेले पैसे देण्याआधी विकणाऱ्याकडून करून घे. इंजिन आणि चेसिसचा नंबर स्वतः बोटानं माती पुसून वाच आणि बुकाशी ताडून बघ. या गाड्यांची इंजिनं तीस वर्षांत इकडची तिकडं झालेली असतात. 2019 च्या एप्रिलआधीची गाडी, म्हणून ती नवी सुरक्षा नंबरप्लेटही बसवावी लागेल. आणि विमा. कागदाचं एवढंच.

सायलेन्सर मूळच्यासारखा बसव. पोलीस दंड करतात हे एक, पण मला दुसरंच कारण महत्त्वाचं वाटतं. त्या फटफटाटात तुला तुझं इंजिन ऐकू येत नाही. जुन्या गाडीवर बसलेल्या माणसाचे निम्मे डोळे कानात असतात.

आता पायांचं. हे दोनदा वाच.

आजवर तू चालवलेल्या प्रत्येक गाडीला डाव्या पायात गिअर होता आणि उजव्या पायात ब्रेक. हिचं बरोबर उलटं. शिवाय पहिला गिअर वर आणि बाकीचे तीन खाली. रिकाम्या रस्त्यावर तासाभरात सवय होते आणि माणसाला वाटतं, जमलं. पण कुत्रं आडवं आलं की डोक्याला विचारायला वेळ नसतो, पाय आपला आपणच दाबला जातो. तुझा उजवा पाय सात-आठ वर्षं ब्रेक दाबत आलाय. तो दणकन खाली जाईल, तिथं गिअर असेल, आणि गाडी थांबायच्या ऐवजी वरचा गिअर पडेल. माझ्या डोळ्यांदेखत एक चांगला मुरलेला गडी असाच बैलगाडीच्या मागं जाऊन धडकलाय.

त्यावर उपाय एकच. सकाळी मोकळं मैदान गाठ. एका मित्राला कडेला उभा कर. तू तीसच्या वेगानं फिरत राहा आणि त्यानं मनाला येईल तेव्हा "थांब!" म्हणून ओरडायचं. पहिल्या दिवशी तुझा उजवा पाय किती वेळा हलतो ते त्यालाच मोजू दे. चार-पाच सकाळी हेच कर. आणि महिनाभर दुसरी कुठलीही गियरची गाडी हातात घेऊ नकोस, ऑफिसला स्कूटीवर जा. एक दिवस ही, एक दिवस ती असं केलंस की पाय गोंधळतो.

ब्रेकही समजून घे. पुढं ड्रम, मागं ड्रम. लायनर नवे टाकले, केबल बदलली, तरी तुझ्या मित्रांच्या डिस्कवाल्या गाड्या जिथं थांबतील तिथं ही थांबणार नाही. म्हणून तिघं निघालात की तू सगळ्यात पुढं. तुझ्या वेगानं ते येतील. तू त्यांच्या मागं राहिलास तर दिवसभर त्यांना गाठत बसशील, आणि ज्या दिवशी पुढच्यानं करकचून ब्रेक मारला त्या दिवशी त्याच्या पाठीत जाशील.

किक. अक्का म्हणाली, तू अर्धा तास किक मारून घामाघूम झालास आणि शेवटी शेजाऱ्यांनी ढकलून दिली. किक ताकदीनं लागत नाही, जागेवर लागते. पेट्रोल चालू कर, गार असेल तर चोक ओढ, चावी लाव आणि अँपिअरच्या काट्याकडं बघ. किक हातानं ढोल तपासावा तशी पायानं हळूहळू दाबत जा. काटा कधी उणेकडं झुकेल, कधी मधोमध येईल. झुकला म्हणजे पॉइंट (प्लगची ठिणगी पाडणारा उघडमिट स्विच) मिटलेत आणि कॉइलमधून करंट वाहतोय, मध्ये आला म्हणजे पॉइंट उघडले. एका जागी किक कडक लागेल, पाय पुढं जाणार नाही. तिथं डिकॉम्प्रेसरची, म्हणजे सिलिंडरमधला दाब सोडणारी, बारकी लिव्हर ओढ आणि किक अजून जराशी खाली ने, काटा मधोमध येईपर्यंत. बस. आता लिव्हर सोड, किक वर येऊ दे, आणि अख्ख्या अंगाचं वजन टाकून एकदाच तळापर्यंत. रेस अजिबात द्यायची नाही. दुसऱ्या-तिसऱ्या किकेला धरली नाही तर प्लग काढून बघ, तिच्याशी कुस्ती खेळू नकोस. अर्धवट मनानं मारलेली किक उलटी येते आणि घोटा सुजवून जाते, म्हणून चपलेवर किक मारायची नाही. बूट घाल, घोट्याच्या वर येणारे.

ऑइलबद्दल नव्या मालकाची एक हमखास चूक सांगतो. गाडी दोन-तीन आठवडे उभी राहिली की ऑइल हळूहळू खालच्या बाजूला, क्रँकच्या खोलीत उतरतं. मग ऑइल मोजायची पट्टी काढून बघितली की ऑइल गायब! माणूस घाबरतो आणि अर्धा लिटर वरून ओततो. गाडी चालू केली की खाली उतरलेलं परत वर येतं, जागा पुरत नाही, आणि नळीवाटे सगळं बाहेर. दारात काळा सडा, वर निळा धूर. तेव्हा आधी चालू कर, पाच मिनिटं मंद ठेव, बंद कर, आणि मग पट्टी बघ. ऑइल 20डब्ल्यू50, दर दोन हजार किलोमीटरला बदल, फिल्टर विसरू नको. क्लचच्या बाजूच्या चेनकेसचं ऑइल वेगळं असतं, तेही बघायचं असतं हे निम्म्या मालकांना ठाऊकच नसतं.

टॅपेट, म्हणजे वॉल्व्हच्या दांड्यांची ढिलाई जुळवणं, तूच शीक, दर महिन्याला उस्तादकडं धावू नकोस. हे काम सकाळी, इंजिन रात्रभर गार झालेलं असताना. बोअरच्या खाली उजव्या बाजूला एका नटाची झाकणी आहे, ती काढ. आत दोन पुशरॉड दिसतील. प्लग काढून ठेव आणि पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकाला आण. आता एकेक रॉड अंगठा आणि तर्जनीत धरून फिरव, उदबत्ती वळतात तशी. सैल फिरली पाहिजे, पण वर-खाली हलता कामा नये. एक्झॉस्टची किंचित जास्त मोकळी ठेव, कारण ती बाजू जास्त तापते. फिरत नसेल तर घट्ट झालीय, वॉल्व्ह पूर्ण मिटत नसणार आणि जळणार. टक-टक हलत असेल तर सैल आहे, आवाज करेल पण लगेच मरणार नाही. म्हणून शंका आली तर कणभर सैल बरी. लॉकनट आवळताना सेटिंग हटतं, आवळून झाल्यावर परत फिरवून बघ. पहिल्यांदा तुला दोन तास लागतील आणि बोटं सोलपटतील.

पॉइंटची फट इंचाच्या हजार भागांतले 14 ते 16 भाग, म्हणजे 0.35 ते 0.40 मिलिमीटर. फिलर गेज (फट मोजायच्या पात्या) घे, अंदाजपंचे नको. आणि कंडेन्सर. यानं मला जेवढं छळलं तेवढं थकबाकीदारांनीही छळलं नाही. एका उन्हाळ्यात गाडी दर तीस-चाळीस किलोमीटरला बंद पडायची. अर्धा तास झाडाखाली बसलं की एका किकेत चालू. मी प्लग बदलला, कार्बोरेटर तीनदा धुतला, टाकी उलटी करून बघितली. शेवटी मांजरसुंब्याच्या घाटात ऐन दुपारी बसली. ट्रकवाल्यानं खालच्या टपरीवजा गॅरेजपर्यंत आणून सोडलं. तिथल्या म्हाताऱ्या उस्तादनं काही न खोलता विचारलं, "ठंडी हुई की चलती?" मी हो म्हटलं. त्यानं कंडेन्सर काढून माझ्या तळहातावर ठेवला, "साहब, गरम हुआ की मरता ये, ठंडा हुआ की जीता." नवा टाकला, चहा पाजला, आणि मजुरी घ्यायला तयार होईना. तेव्हापासून एक पॉइंट, एक कंडेन्सर आणि एक प्लग कापडात गुंडाळून माझ्या पेटीत असतात. तूही ठेव. सोबत क्लचची आणि अ‍ॅक्सिलेटरची केबल, चेनचं एक लॉक, मागची ट्यूब, टायर काढायच्या दोन पत्त्या, पंप, थोडी तार, इन्सुलेशन टेप आणि या गाडीचे पान्हे. नव्या गाड्यांचे पान्हे हिला बसतीलच असं नाही.

दर पाचशे किलोमीटरला सगळ्या नटांवरून एकदा पान्हा फिरव. ही गाडी स्वतःचे नट स्वतःच सैल करते. सायलेन्सरचा क्लॅम्प, मडगार्डचे टेकू, इंजिनाचे बोल्ट, नंबरप्लेट. चेन मधोमध बोटानं वर-खाली करून बघ, इंचभर हलली की बरोबर, पण चाक फिरवत तीन-चार ठिकाणी बघ, चेन एका जागी घट्ट आणि एका जागी सैल असते. टायरच्या बाजूला चार आकडी नंबर असतो, 2319 असेल तर 2019 च्या 23 व्या आठवड्यातला. तुझ्या फोटोतला पुढचा टायर नक्षीनं चांगला दिसतोय, पण कडेला बारीक भेगा आहेत. रबर वाळलंय ते. दोन्ही टायर-ट्यूब नवे टाक, पैसे कमी पडले तर माझ्याकडून घे, व्याज नाही. हवा गार टायरला, पुढं 20 आणि मागं 30 च्या आसपास.

पेट्रोलचं एक नवीन दुखणं आहे, आमच्या वेळी नव्हतं. पंपावर आता मिळतं त्यात 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ज्या उसाच्या ट्रॉलीमागं आपण धूळ खात रखडतो, त्याच उसाचा अंश शेवटी आपल्या टाकीत येतो! शेतकऱ्याचं भलं होत असेल तर माझी तक्रार नाही, पण 1994 ची गाडी बनवणाऱ्याच्या स्वप्नातही हे नव्हतं. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. गाडी महिनाभर उभी राहिली की पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन तळाशी बसतं, पत्र्याची टाकी आतून गंजते, आणि तो गंज कार्बोरेटरच्या जेटमध्ये जाऊन अडकतो. जुन्या रबरी नळ्या आणि वायसर फुगतात, तडकतात. म्हणून पेट्रोलची नळी नवी टाक, मध्ये पारदर्शक फिल्टर बसव, आणि गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तर आदल्या फेरीला पेट्रोल बंद करून कार्बोरेटरमधलं संपू दे. या पेट्रोलवर मिश्रण पातळ होतं, इंजिन जास्त तापतं. प्लग काढून बघ. विटकरी-तपकिरी असेल तर बैजवार आहे, पांढराफटक असेल तर जेट एक नंबर मोठा लागेल. ते आपण मिळून करू. एकट्यानं उपद्व्याप नको.

आता रस्ता. समृद्धीवर दुचाकीला बंदी आहे, त्यामुळं तो मोह सुटला. तुझा नांदेडपर्यंतचा रस्ता अहमदपूर, लोह्यावरून सरळ आहे. सरळ रस्त्याची मला जास्त भीती वाटते. खड्डा माणसाला जागं ठेवतो.

पाडव्याच्या सुमाराला कारखान्यांची धुराडी पेटायला लागतात आणि रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या उतरतात. एका ट्रॅक्टरला दोन-दोन, मागं ना दिवा ना लाल पट्टी, वर दोन्ही अंगांनी बाहेर आलेला ऊस. दिवसा ठीक. रात्री समोरून लाईट मारत कुणी आलं की ती ट्रॉली दिसत नाही, नुसता रस्ता जरा जास्त काळा दिसतो. ती बंद पडली की चाकाखाली मोठाले दगड लावतात आणि निघताना ते तिथंच सोडून जातात. असे किती दगड मी कडेला ढकलले असतील, गणती नाही. त्याच दिवसांत डांबरावर सोयाबीन वाळत घालतात. त्यावरून चाक गेलं की गोट्यांवर पाय पडल्यासारखं होतं. लांबून पिवळं दिसलं की वेग आधीच कमी कर, सोयाबीनवर पोचल्यावर ब्रेक लावू नकोस. अवकाळी पडला तर शेतातून निघालेल्या ट्रॅक्टरच्या चाकांनी काळी माती रस्त्यावर आलेली असते. तिच्यावर चार थेंब पडले की तिथं पायी माणूसही उभा राहू शकत नाही. रोही (नीलगायी) आणि रानडुकरं पहाटे अन् तिन्हीसांजेला आडवी येतात. एक रोही गेला की लगेच रेस देऊ नको, मागून दुसरा येतोच. पुलावरून पाणी वाहत असेल तर कितीही कमी दिसलं तरी थांब. 2025 च्या सप्टेंबरात पुरानं मराठवाड्यात काय झालं ते तू पाहिलंयस.

आणि दिवेलागणीच्या आत मुक्काम. या दिवसांत सहाला अंधार होतो. तुझ्या गाडीचा दिवा म्हणजे देव्हाऱ्यातली समई, चढाला मंद रेस असली की आणखी मंद होतो. तू एलईडी लावशील, लाव, पण तुला दिसलेला खड्डा चुकवायला ब्रेक तोच 1994 चा आहे. हेल्मेट तोंड झाकणारं आणि आयएसआयचं, मागं बसणाऱ्यालाही तेच. शिरूर-पाटोद्याकडं वसुलीला जाताना मी कित्येक वर्षं रुमाल बांधून हिंडलो, त्याचं माझ्यापुढं उदाहरण देऊ नकोस.

आता ती फजिती.

तुझ्या आईच्या साखरपुड्याच्या फोटोत माझ्या हनुवटीला पट्टी आहे ना? घरात सगळ्यांना माहीत आहे की मामा म्हशीला चुकवायला गेला आणि पडला. पंचवीस वर्षं ती म्हैस आपल्या घरात सांगितली जातेय. अक्कानं तर तिच्या अंगावर पांढरा ठिपका पण चढवलाय.

म्हैस नव्हती.

गाडीचं बोअर नवीन केलं होतं. जेमतेम दोनशे किलोमीटर झालेले. उस्तादनं बजावलं होतं, पहिले हजार किलोमीटर पन्नासच्या वर जायचं नाही. मी अक्काला शब्द दिला होता, अकराच्या आत लातूरला पोचतो, पेढे आणि ओटीचं सामान माझ्याकडं. त्या दिवशी बँकेत साहेबांनी थांबवून घेतलं. अंबाजोगाईहून निघायलाच दहा वाजले. साठेक किलोमीटर. मागं आपला चुलतभाऊ बसलेला, त्याच्या मांडीवर पेढ्यांचा डबा. बर्दापूर गेलं तेव्हा घड्याळ बघितलं आणि ऐंशी केले. गाडी काय छान पळत होती!

लोखंडी बोअरमधला पिस्टन अ‍ॅल्युमिनियमचा असतो. तापला की तो लोखंडापेक्षा जास्त फुगतो. नव्या बोअरला फट कमी, अजून घासून बसलेलं नाही, वर मी मिनिटांमागं लागलेलो. रेस तेवढीच होती, पण गाडी मागून कुणीतरी शेपूट धरल्यासारखी जड झाली. कोरडा, बारीक आवाज आला. हेच ते दोन-तीन सेकंद. याच वेळी क्लच दाबायचा असतो, काहीही विचार न करता, आणि कडेला घ्यायची असते. मी काय केलं? घड्याळ डोक्यात होतं, म्हणून रेस आणखी दिली. पिस्टन जाम झाला, मागचं चाक जागच्या जागी थांबलं, आणि आम्ही पेढ्यांसकट रस्त्यावर. मला हनुवटीला सहा टाके, भावाची हसळी मोडली. मागून ट्रक येत नव्हता, हे आमचं पुण्य नाही, नशीब.

लातूरला तीनला पोचलो, कुणाच्या तरी जीपमध्ये. कार्यक्रम थांबला नव्हता, पेढे तिथल्याच हलवायाकडून आणले होते. अकराला मी आलो नाही म्हणून कुणाचंही काही अडलं नाही. म्हशीचं मी त्याच रात्री रचलं, भावानं साथ दिली. नव्या गाडीवर वेळ दिली तर वेळ चुकते, एवढंच. पण हिच्यावर तू कुणाला वेळ दिलीस की मग तू आवाज ऐकत नाहीस, वास घेत नाहीस, सैल नटासाठी थांबत नाहीस, अंधार पडला तरी "अजून तीसच किलोमीटर" म्हणतोस. गेल्या तीस वर्षांत माझ्यावर आलेल्या प्रत्येक बाक्या प्रसंगाच्या मागं कुणाला तरी दिलेली वेळ होती. तेव्हापासून निघताना मी घरी एवढंच सांगतो, निघालो. पोचलो की फोन करतो.

म्हणून माहूरच्या मित्रांना आज कळव, पाडव्याला आम्ही नांदेडला मावशीकडं मुक्कामी, माहूर दुसऱ्या दिवशी. किनवटच्या पुढं रस्ता जंगलातून आहे, तो भर दिवसा बघण्यासारखा आहे, अंधारात त्याचं काय करणार? साठ-पासष्टनं चालव. तिथं ही गाडी सुखात असते, तू पण असशील. दर पन्नास किलोमीटरला दहा मिनिटं उतर, इंजिनाखाली वाकून बघ, चाकांना हात लाव. ड्रम नुसता कोमट लागला पाहिजे, चटका बसत असेल तर लायनर घासतोय.

पण त्याच्या आधी एक छोटी फेरी करून बघ. औसा, तुळजापूर, नळदुर्ग आणि परत, दोनशेच्या घरात होईल. तुळजापूरच्या वाटेवरच्या उजनीला थांबून बासुंदी खा. नळदुर्गाला बोरी नदीवरचा पाणीमहाल बघ. आता पाऊस सरलाय, नर-मादी धबधबे वाहताना दिसतीलच असं नाही. परत आल्यावर काय सैल झालं, काय गळलं, किती पेट्रोल खाल्लं ते वहीत लिही. ती वही मला दाखवायची.

मी रविवारी सकाळच्या एसटीनं येतो. फिलर गेज माझा आणतो, त्याच्या पात्यांवर गंज आहे पण माप बरोबर आहे. तू दोन गोष्टी आणून ठेव, चेनकेसची नवी गॅस्केट आणि जुनी धोतरं, फडक्याला सुती कापडासारखं काही नाही. मी येईपर्यंत कार्बोरेटर खोलू नकोस, तुझ्या बोलण्यावरून तुला खाज सुटलीय असं दिसतंय.

आणि अक्कासमोर म्हशीचा विषय निघाला तर नेहमीसारखी मान हलव. ठिपका पांढराच होता म्हणून सांग.

तुझा,
मामा